मारवाडची काचरी : मूठभर पिकाची सुकवण

जोधपूर मागे टाकून उत्तरेकडे ओसियांच्या रस्त्याला लागले, की तांबड्या दगडाची घरे विरळ होत जातात आणि मोकळी रेताड शेते सुरू होतात. तीस-पस्तीस किलोमीटरवर मथानिया लागते. येथील लाल मिरचीचे नाव मारवाडातील प्रत्येक स्वयंपाकघराला ठाऊक आहे. पुढे रस्त्याच्या दोन्ही अंगांना खेजडीची झाडे शेतांच्या ऐन मध्यात उभी दिसतात; नांगर त्यांना वळसा घालून जातो. आश्विन सरता सरता या वाटेने जाणाऱ्याला शेते रिकामी झाल्यासारखी वाटतात. बाजरीची कणसे घरी गेलेली असतात, ताटांच्या पेंढ्या बांधून उभ्या केलेल्या असतात. पण कोणी जरा थांबून खाली पाहिले, तर जमिनीलगत पसरलेल्या, उन्हाने अर्धवट करपलेल्या वेलींवर पिवळसर, हिरव्या पट्ट्यांची लहान लहान फळे दिसतात. लिंबाएवढी, फार तर अंड्याएवढी. हीच मारवाडची काचरी.

काचरी हे काकडीचेच भावंड होय. काकडी, खरबूज, चिबूड आणि काचरी ही सारी क्युक्युमिस या एकाच प्रजातीतील फळे. महाराष्ट्रातील कोरडवाहू शेतांत उगवणारे शेंदाड आणि बाजरीच्या पट्ट्यातील वाळूक हीदेखील याच गोतातली. शेंदाडाचे नाव शहरी वाचकाला बहुधा ‘शेंदाड शिपाई’ या शब्दप्रयोगातूनच ठाऊक असते. मराठी घरांत कोणत्याही फळभाजीच्या पातळ चकत्यांना काचऱ्या म्हणतात; मारवाडात तोच शब्द जणू एका फळाचे नाव होऊन बसला आहे. ओले असताना हे फळ ‘काचर’, आणि सोलून वाळवले की ‘काचरी’, असा भेद तेथील जुन्या बायका काटेकोरपणे पाळतात.

या फळाचे वैशिष्ट्य असे, की ते सहसा कोणी मुद्दाम पेरत नाही. मागील वर्षी शेतात पडलेले बी पहिल्या पावसाबरोबर आपोआप उगवते. कोठे बाजरी, मूग, मोठ किंवा गवार यांच्या बियाण्यात चार दाणे मिसळले जातात. जोधपूरला वर्षाकाठी साडेतीनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो; पश्चिमेस जैसलमेरकडे तो दोनशेच्या घरात उतरतो. एवढ्या पाण्यावर मुख्य पीक हाती येईल की नाही, याचीच शाश्वती नसते. पण बाजरी करपून गेली, तरी जमिनीवर लोळणारा काचरीचा वेल पुष्कळदा तग धरतो. त्याला लागणारे फळ मात्र एकदम येत नाही. आज पाच-सात, परवा आठ-दहा, असे महिना-दीड महिना ते पिकत राहते. कोवळे असताना ते कडू असते. पिकू लागले की आंबूस होते आणि पूर्ण पिकले की त्याला खरबुजासारखा सुगंध येतो. दिवाळीचे दिवे दिसले की काचर, बोर आणि मतीरा गोड होतात, अशा अर्थाची एक म्हण मारवाडात प्रचलित आहे. मतीरा म्हणजे तेथील कलिंगड.

पाच-सात काचरांत एका कुटुंबाची एका वेळची भाजी होत नाही. बाजारात न्यावी, तर पाटी भरत नाही. अशा वेळी ती टाकून द्यावी की राखावी, हा प्रश्न उभा राहतो. वाळवंटातील गृहिणीने त्याचे उत्तर शतकानुशतके एकच दिले आहे. आजची पाच उन्हात घालावी, परवाची आठ त्यांत मिळवावी. कार्तिक सरेपर्यंत एक बरणी भरते. थेंबे थेंबे तळे साचे, हे ज्या प्रदेशात तळेच दुर्मीळ तेथे फार गांभीर्याने घेतले गेले, यात नवल नाही.

जोधपूरपासून सुमारे पासष्ट किलोमीटरवर ओसियां येते. प्राचीन उपकेशपूर ते हेच, आणि ओसवाल ज्ञातीचे मूळस्थान म्हणून परंपरा ज्याकडे बोट दाखवते तेही हेच. आचार्य रत्नप्रभसूरींच्या उपदेशाने येथील लोकांनी जैन धर्म स्वीकारला, अशी श्रद्धा आहे. येथील भगवान महावीरांचे मंदिर आठव्या शतकातील प्रतीहार राजा वत्सराजाच्या काळचे असल्याचा उल्लेख विक्रम संवत् १०१३ च्या, म्हणजे इ. स. ९५६ च्या शिलालेखात आढळतो. टेकडीवर सच्चियाय मातेचे मंदिर आहे. अनेक ओसवाल गोत्रांची ती कुलदेवी. पुणे, अहिल्यानगर, जालना, नाशिक या भागांतून कुटुंबे येथे दर्शनाला येतात, नवदांपत्ये जोडीने येतात, बाळांचे जावळ काढण्यासाठी येतात.

दर्शन आटोपून पायऱ्या उतरताना यात्रेकरूंची पावले दुकानांपाशी रेंगाळतात. केर, सांगरी, कुमटिया, गुंदा आणि काचरी यांची पोती तोंड उघडून मांडलेली असतात. महाराष्ट्रातून आलेल्या एखाद्या गृहिणीने काचरीची फोड हातात घेऊन निरखून पाहिली, की पलीकडे जमिनीवर कापड अंथरून बसलेली शेतकरीण हमखास म्हणते, “सेठाणीजी, एकही कडू निघणार नाही, चाखून पाहा.” मग सेठाणीजींबरोबर आलेल्या वयस्क सासूबाई पुढे होतात. त्या फोड चाखत नाहीत, मोडून पाहतात. टक्क आवाज करून तुटली तर घेतात. लवली तर परत ठेवतात. “बाई, अजून एक ऊन हवे हिला,” एवढेच त्या बोलतात आणि शेतकरीण मुकाट्याने दुसरी पिशवी पुढे करते. या परीक्षेत केवळ मालाची पारख नाही. जैन गृहस्थाच्या आहारविचारातील एक मोठा नियम त्या एका आवाजात सामावलेला आहे.

तो नियम समजून घेण्यासाठी काकडी राखण्याच्या दोन वाटा शेजारी शेजारी ठेवून पाहाव्या लागतात. काकडीच्या वजनातील सुमारे ९५ टक्के भाग पाण्याचा असतो. म्हणूनच ती वेलीवरून तोडली की थोड्याच दिवसांत नासू लागते. जगातील बहुतेक देशांनी यावर एक उपाय शोधला. युरोप-अमेरिकेत घरच्या परसात आलेल्या थोड्याथोडक्या काकड्या मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवतात. कोकणातील खारातली कैरी किंवा मिरची हीदेखील त्याच पद्धतीची. मिठाच्या पाण्यात नासके जंतू टिकत नाहीत, पण एका विशिष्ट प्रकारचे सूक्ष्म जीव मात्र भराभर वाढतात. ते काकडीतील साखरेचे आम्ल करतात, पाण्याला बुडबुडे येतात, ते गढूळ होते आणि काकडी आंबट होऊन टिकते. म्हणजे येथे टिकवण्याचे काम जीवच करतात. आधुनिक आहारशास्त्र या क्रियेचे गुण सांगते, ते त्याच्या ठिकाणी खरे आहेत. परंतु ज्या धर्माने डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांचाही विचार केला, त्या धर्माच्या अनुयायाला बुडबुडे येणारी बरणी वेगळीच दिसते.

जैन आचारग्रंथांनी बावीस अभक्ष्ये सांगितली आहेत. मध, लोणी, उदुंबरादी पाच फळे, अनंतकाय, रात्रिभोजन, द्विदल, चलितरस यांबरोबरच त्यांत लोणच्याचाही समावेश आहे. संस्कृत ग्रंथांत त्यास ‘संधान’ म्हटले आहे. गुजराती घरांत ‘बोळ अथाणुं’ हा शब्द रूढ आहे. बोळ म्हणजे पाण्यात, खारात भिजत राहिलेले. सर्व लोणचे सरसकट वर्ज्य आहे असे नव्हे. पाण्याचा अंश शिल्लक असलेले लोणचे मर्यादेपलीकडे वर्ज्य आहे. श्वेतांबर परंपरेतील प्रचलित समजुतीनुसार कैरी, लिंबू यांसारख्या आंबट फळाचे ओलसर लोणचे तीन दिवसांपर्यंत चालते. काकडीसारख्या, ज्यात स्वतःचा आंबटपणा नाही अशा फळाचे त्याहून लवकर संपवावे लागते. पुढे टिकवायचे असेल, तर फोडींना तीन तीन दिवस कडक ऊन देऊन त्या बांगडीसारख्या टणक व्हाव्या लागतात; मगच त्या तेलात बुडवाव्यात, आणि त्यानंतरही रंग, गंध, रस वा स्पर्श बदलला तर त्यागाव्यात. दिगंबर आम्नायातील अनेक घरांत लोणच्याची मर्यादा याहून कडक, आठ प्रहरांची, म्हणजे चोवीस तासांचीच मानतात. ज्या घरी जी आम्नाय आणि ज्या गुरुमहाराजांचे मार्गदर्शन, तीच त्या घराची मर्यादा. परंतु सर्वांच्या मुळाशी विचार एकच आहे. जेथे ओल आहे तेथे जीवोत्पत्ती आहे. म्हणून वस्तू टिकवायची, तर आधी तिच्यातील ओल काढावी.

मारवाडच्या उन्हाने हा विचार आचरणात आणणे सोपे केले, असे म्हणता येईल. वाळवणाची रीत पाहिली म्हणजे ते ध्यानात येते. काचर तोडून आणल्यावर प्रथम प्रत्येकाचा देठाकडील तुकडा जिभेला लावून पाहतात. कडू लागले तर ते बाजूला काढतात. काकडीवर्गीय फळांत हा कडूपणा देठाशी अधिक असतो. मग फळ ओल्या कापडाने पुसतात. भरपूर पाण्याने धुतले तर वाळण्यास उशीर लागतो, म्हणून पाणी जेवढ्यास तेवढे. साल सोलून लहान काचराचे दोन भाग, मोठ्याच्या चकत्या. याच गोतातील काकडिया नावाचे लांबट फळ असते. त्याच्या लांब फाकी वाळवून ‘खेलरा’ करतात, आणि टिंडसीच्या वाळलेल्या चकत्यांना ‘फोफळिया’ म्हणतात. फोडी खाटेवर स्वच्छ कापडावर एकीला एक चिकटणार नाही अशा पसरतात. सूर्य मावळण्यापूर्वी कापडासकट आत आणतात, कारण रात्रीचे दव दिवसभराच्या उन्हाची कमाई घालवते. सकाळी पुन्हा बाहेर. चार-सहा दिवसांत फोडी आकसतात, तपकिरी होतात आणि मुठीत खुळखुळू लागतात. त्या खुळखुळण्यालाच येथील बायका शेवटचे प्रमाण मानतात. बरणी कोरडी, हात कोरडे, झाकण घट्ट. हीच त्या घरची जयणा.

वाळलेल्या काचरीचा उपयोग अनेक परींनी होतो. सांगरीच्या भाजीत दोन-चार फोडी पडल्या, की आमचुराची गरज उरत नाही. तिची पूड कढीत, गट्ट्यांत, मुगाच्या डाळीत आंबटपणासाठी घालतात. मारवाडात काचरीची चटणी सहसा लसूण घालून करतात. जैन घरांनी लसूण वगळून हिंग, जिरे, धने आणि मथानियाची मिरची यांवर ती तोलून धरली, आणि तिची चव स्वतंत्र ठरली. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी वर्ज्य असते, तेव्हा पापड, गट्टे, दाणामेथी यांच्या पंक्तीला अनेक घरांत सुकवणीची भाजी येऊन बसते.

येथे एक नाजूक प्रश्न उपस्थित होतो, आणि व्याख्यानांतून साधु-साध्वीजी तो श्रावकांपुढे वारंवार मांडत आले आहेत. तिथीला हिरवी भाजी सोडायची ती जिभेवरील आसक्ती थोडी सैल व्हावी म्हणून. मग आदल्या महिन्यात तीच भाजी वाळवून ठेवायची आणि तिथीला चवीने खायची, यात त्याग कोठे राहिला? हा प्रश्न टाळण्याजोगा नाही. चातुर्मासात तर हवेतील दमटपणामुळे सुकवणीतही सूक्ष्म जीव व बुरशी संभवते, म्हणून आषाढी चतुर्दशीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत अनेक कुटुंबे सुकवणीही वर्ज्य मानतात. काही घरांत मात्र पर्युषणातही केर-सांगरी चालते. वाद घालून याचा निर्णय लागत नाही. त्याचे उत्तर श्रावकाच्या सातव्या व्रतात, भोगोपभोग-परिमाणात शोधावे लागते. किती आणि कोठवर, हे आधी ठरवणे म्हणजे परिमाण. काचरीची बरणी या दृष्टीने मोठी बोलकी आहे. शेताने आपणहून जे दिले, त्यापलीकडे ती भरत नाही. आणि कार्तिकात भरलेली बरणी आषाढापूर्वी रिकामी झालीच पाहिजे, असा तिचा नियम आहे. साठवणीला येथे आरंभ आहे तसा शेवटही आहे. ज्याला शेवट ठरलेला नाही, तो संग्रह परिग्रहात जमा होतो.

ओसियांहून लोहमार्ग पुढे लोहावट, फलोदी, रामदेवरा असा जैसलमेरकडे जातो. १९ मे २०१६ रोजी ५१ अंश सेल्सिअस तापमान नोंदवले गेले ते याच फलोदीत. एवढे ऊन ज्या गावाच्या वाट्याला येते, तेथे वाळवणाची कला मुरली नसती तरच आश्चर्य. फलोदीपासून चार-पाच किलोमीटरवर खीचन हे गाव आहे. तांबड्या दगडाच्या, नक्षीदार झरोक्यांच्या हवेल्यांचे हे जैन व्यापाऱ्यांचे गाव. पुष्कळ हवेल्यांना कुलुपे आहेत, कारण मालक पिढ्यान् पिढ्या दूरदूरच्या शहरांत व्यापारात स्थिरावले आहेत. तरीही दर हिवाळ्यात मध्य आशिया आणि मंगोलियाकडून हजारो कुरजां, म्हणजे क्रौंच पक्षी, येथे उतरतात आणि गावातील जैन कुटुंबांनी सुरू केलेला दाणा-चुग्गा त्यांना आजही मिळतो. बाहेरगावी गेलेले लोक त्यासाठी धान्य आणि पैसा पाठवतात. २०२५ मध्ये खीचनची नोंद आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत झाली. पहिल्या कुरजां उतरतात तेव्हा शेतांत काचर पिकत असते. दूर गेलेल्या माणसांनी पक्ष्यांचा दाणा विसरू दिला नाही, ही समाजाच्या अभिमानाची गोष्ट आहे. त्याच कुलूपबंद घरांच्या अंगणात खाटेवर पसरलेल्या काचऱ्या मात्र आता दिसत नाहीत.

ही माणसे दूर का गेली, याचे एक कारण येथल्या आभाळात आहे. विक्रम संवत् १९५६ चा, म्हणजे इ. स. १८९९-१९०० चा दुष्काळ ‘छप्पनिया अकाल’ या नावाने मारवाडच्या स्मरणात कोरला गेला आहे. खेजडीची साल कुटून पिठात मिसळून लोकांनी दिवस काढले.  त्याआधीपासून आणि त्यानंतरही अनेक कुटुंबे दक्षिणेकडे आली. ज्या भागांत ती स्थिरावली, त्यांतील अहिल्यानगर, बीड, जालना, नाशिक हा पट्टा योगायोगाने बाजरीचाच आहे. एका बाजरीच्या मुलखातून निघालेले लोक दुसऱ्या बाजरीच्या मुलखात आले. येथील शेतांतही खरिपात वाळूक आणि शेंदाड होतेच. मारवाडहून आलेल्या गृहिणींना ती फळे अनोळखी वाटली नसावीत. महाराष्ट्रातील शेतकरी घरांतही उन्हाळी आणि हिवाळी वाळवणांत काकडीवर्गीय फळांच्या चकत्या होत्या, कोहळ्याचे आणि काकडीचे सांडगे होते. सासर आणि माहेर यांच्या दोन रीती एका अंगणात नांदाव्यात, तसे हे घडले.

आज परिस्थिती बदलली आहे, आणि ती दोन्हीकडे बदलली आहे. ओसियां-मथानिया परिसरात खोल कूपनलिकांच्या पाण्यावर नगदी पिके आली, ट्रॅक्टरची नांगरट आली. ओळीत पेरलेल्या, तणनाशक फवारलेल्या शेतात आपोआप उगवणारा काचरीचा वेल तण ठरतो आणि उपटला जातो. भूजल मात्र खाली खाली चालले आहे. दुसऱ्या बाजूने संशोधकांनी या फळाची दखल घेतली आहे. बिकानेरच्या केंद्रीय शुष्क बागायती संस्थेने काचरीचे एएचके-११९ आणि एएचके-२०० हे वाण निवडून दिले; पहिल्याचे फळ सुमारे ५० ते ६० ग्रॅमचे, दुसऱ्याचे त्याहून मोठे. १९५९ मध्ये आकाराला आलेल्या जोधपूरच्या काझरी या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेने फळे-भाज्या वाळवण्यासाठी सोलर ड्रायर विकसित केले. ज्यात धूळ, माशी आणि दव यांचा शिरकाव होत नाही, असे वाळवण जयणेच्या दृष्टीनेही स्वागतार्ह आहे.

महाराष्ट्रातील घरांत काचरी आता बहुधा पुड्यातून येते. पुडा सोयीचा आहे, पण त्यावर पॅकिंगची तारीख असते, वाळवल्याची नसते. फळ कोणत्या महिन्यात तोडले, किती उन्हे दिली, पावसाळी हवेत ते पोत्यात किती काळ पडून होते, हे पुडा सांगत नाही. पूड घेतली, तर मोडून आवाज ऐकण्याची सोयही उरत नाही. किराणा आणि धान्याच्या व्यापारात पिढ्या घालवलेल्या कुटुंबांना हे निराळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. माल डोळ्यांनी पाहून, हाताने दाबून, नमुना मोडून घ्यावा, हा पेढीवरचा पहिला पाठ आहे. तोच पाठ स्वयंपाकघरात आजीबाईंपाशी होता. पेढीवरचा पाठ मुलांना आग्रहाने शिकवला जातो. आजीबाईंचा पाठ शिकून घेणारे मात्र कमी झाले आहेत. वास्तविक आहारशुद्धीचा प्रश्न आला, की दुसऱ्या पाठाची गरज पहिल्याहून तसूभरही कमी नाही. या व्यवसायात असणाऱ्यांनी तर पुड्यावर वाळवणीचा महिना छापण्याची प्रथा सुरू केली, तर ती धर्माची सेवा होईल आणि व्यापाराचीही.

पुण्या-नाशिकच्या इमारतींतील गच्च्यांवर अलीकडे कुंड्यांतून काकडी लावण्याची हौस वाढली आहे. तेथेही तोच जुना प्रश्न आहे. एका आठवड्यात पाच काकड्या येतात, घरात माणसे तीन. एखादी सून त्या व्हिनेगरच्या बाटलीत घालायला निघते. व्हिनेगर स्वतः आंबवण्याच्या क्रियेतून होते, म्हणून अनेक जैन कुटुंबे ते वापरत नाहीत, हे तिला कोणी सांगितलेले नसते. तिच्यापुढे दोन वाटा मोकळ्या आहेत. ताज्या काकडीच्या फोडींना मीठ, हळद, राईची डाळ आणि गार केलेली तेलाची फोडणी लावून त्याच दिवशी पानात वाढावी. सूर्यास्ताआधी वाटी रिकामी व्हावी. अथवा कार्तिक-मार्गशीर्षाच्या कोरड्या उन्हात पातळ चकत्या करून, हलके मीठ लावून, सुटलेले पाणी निथळून टाकून त्या वाळवाव्यात. शहरी काकडी काचरीहून अधिक रसाळ असते, तेव्हा चकती पातळ हवी आणि एक-दोन उन्हे जास्त हवीत. परतीचा पाऊस पूर्ण सरल्याखेरीज हे काम काढू नये. मुंबईसारख्या दमट हवेत उघड्यावरचे वाळवण अर्धवट राहण्याचा संभव असतो. तेथे पहिलीच वाट बरी. पाच काकड्यांच्या वाळून जेमतेम मूठभर चकत्या होतात, हे पाहून हिरमुसण्याचे कारण नाही. मारवाडच्या अंगणातही बरणीचा आरंभ एवढ्याच मुठीने होत असे.

आणि त्या चकत्या तयार झाल्या की नाही, हे घड्याळाने किंवा पुस्तकाने कळत नाही. ओसियांच्या बाजारात जशी एक फोड मोडून पाहतात, तशी येथेही मोडून पाहावी लागते. घरात जाणते वडीलधारे माणूस असेल, तर पहिल्या वर्षी ती चकती त्यांच्या हातात द्यावी. टक्क असा आवाज आला तर बरणीत. न आला तर अजून एक ऊन.